भाषांतराचे स्वातंत्र्य आणि शाळेचे दार : मराठीतील ग्रंथस्वामित्वाच्या इतिहासाविषयी

१

रोलाँ बार्तने लेखकाचा मृत्यू घोषित केला आणि १९६९ साली मिशेल फूकोने ‘लेखक म्हणजे काय?’ हा प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर ‘लेखक’ ही स्वयंसिद्ध गोष्ट नसून विशिष्ट ज्ञानव्यवहारातून घडलेली कोटी आहे, हा विचार मराठी समीक्षेलाही परिचित झाला. मात्र या विचाराच्या स्वीकारात त्याची इतिहासाची बाजू बरीचशी गळून पडली. फूकोच्या मांडणीत लेखक ही कोटी ग्रंथाच्या मालकीशी बांधलेली आहे. इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेल्या कायद्याच्या शीर्षकातच ‘विद्येला उत्तेजन’ हा हेतू नोंदलेला होता. त्याने नव्या ग्रंथास चौदा वर्षांचे संरक्षण दिले आणि मुदतीअंती लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षांची सवलत ठेवली. १७७४ साली डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या दाव्यात प्रकाशकांचा चिरंतन मालकीचा आग्रह हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. या दोन घटनांच्या दरम्यानच्या वादातून ‘प्रतिभावंत निर्माता’ ही लेखकाची प्रतिमा कशी बळावत गेली, हे मार्क रोझने १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे.

मराठीत ग्रंथस्वामित्वाची कल्पना मात्र प्रतिभावंत कवीच्या वाटेने आली नाही. ती शालेय पुस्तक, सरकारी नोंदवही आणि भाषांतर यांच्या वाटेने आली. म्हणून येथे ‘ग्रंथाचा मालक कोण?’ या प्रश्नाला आरंभापासूनच आणखी दोन प्रश्न चिकटलेले आहेत : ग्रंथ मराठीत आणण्याची मोकळीक कोणाला होती, आणि ती मोकळीक वापरण्याइतके शिक्षण कोणाला मिळत होते? हे तीन प्रश्न सुटे करून पाहिल्यामुळे अव्वल इंग्रजी कालखंडातील भाषांतरांविषयीचे वाङ्मयेतिहासाचे निर्णय एकांगी झाले आहेत.

२

मुद्रणपूर्व मराठी परंपरेत कर्तृत्वाची जाणीव नव्हती, असे म्हणता येत नाही. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही कर्तृत्वाचीच खूण होय. पण ती मालकीची खूण नव्हे. ‘नामा’ या मुद्रेखाली एकाहून अधिक कवींची रचना एकवटली. कीर्तनकाराने, वहीकाराने पाठ बदलला. त्यातून शुद्धाशुद्धतेचे वाद उद्भवले असतील, पण नुकसानभरपाईचा दावा उद्भवला नाही. नाममुद्रा रचनेच्या प्रामाण्याची ग्वाही देते, प्रतींच्या संख्येवर तिचे नियंत्रण नसते.

हे नियंत्रण छापखान्याबरोबर आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी १८४७ साली विसावा कायदा झाला. लेखकाचे आयुष्य अधिक सात वर्षे किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी दीर्घ असेल ती मुदत त्याने ठरविली. पुढे १८६७ साली मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीचा पंचविसावा कायदा आला. या दुसऱ्या कायद्यान्वये ठेवावयाच्या ग्रंथसूचीतील रकाने वाङ्मयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगे आहेत. ग्रंथनाम, भाषा, कर्ता किंवा भाषांतरकार, विषय, मुद्रणस्थळ, मुद्रक व प्रकाशक, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, टंकमुद्रित की शिळाछाप, किंमत आणि अखेरीस स्वामित्वहक्क धारण करणाऱ्याचे नाव व राहण्याचे ठिकाण. ठराविक फी भरल्यास हीच नोंद १८४७ च्या कायद्याखालील नोंदणी म्हणून धरली जाई. १८५७ नंतरच्या राजवटीला देशी भाषांत काय छापले जाते यावर नजर ठेवावयाची होती. त्या नजरेच्या वहीतच लेखकाच्या मालकीचा रकाना आखला गेला. मराठी ग्रंथाच्या मुखपृष्ठामागे या कायद्यांचा उल्लेख करून हक्क राखून ठेवणारा लेखक एकाच वेळी मालक होत होता आणि सरकारदफ्तरी हजेरीही लावत होता.

रकान्यांचा क्रमही अर्थपूर्ण आहे. त्यात कर्ता आणि भाषांतरकार एकाच ओळीत बसतात. सूचीच्या दृष्टीने दोघेही पुस्तक निर्माण करणारेच. त्यांच्यातील प्रतवारी वाङ्मयसमीक्षेने पुढे केली.

३

१८४७ च्या कायद्यात भाषांतराच्या हक्काचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. प्रश्न न्यायालयापुढे आला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १८९० साली मुन्शी शेख अब्दुर्रहमान विरुद्ध मिर्झा महंमद शिराझी या दाव्यात भाषांतर म्हणजे मूळ ग्रंथाची नक्कल नव्हे, असा निर्णय दिला. १८९५ साली त्याच न्यायालयापुढे मॅकमिलन या लंडनच्या प्रकाशनसंस्थेचा दावा होता. तिने प्रसिद्ध केलेल्या शालेय गणिताच्या पुस्तकांची उर्दू भाषांतरे दिल्लीचे मुन्शी झकाउल्ला यांनी केली होती. न्यायालयाने आधीचा निर्णय अनुसरला आणि प्रकाशकाचा दावा टिकला नाही.

वाद काव्याचा किंवा कादंबरीचा नव्हता. अंकगणित-बीजगणिताच्या पुस्तकांचा होता, ही बाब गौण नाही. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ साली शिक्षणखाते स्थापन झाले आणि पुस्तकांना शाळेची बाजारपेठ मिळाली. लंडनच्या प्रकाशकाला हिंदुस्थानात खुपणारी स्पर्धा रसिकांच्या दिवाणखान्यात नव्हती, ती शाळेच्या वर्गात होती. आणि वर्गासाठी लागणारी पुस्तके देशी भाषांत उतरविण्याचा मार्ग कायद्याने अडविला नव्हता.

मराठी गद्य घडले ते याच मोकळिकीत. मेजर कँडींच्या देखरेखीखालील क्रमिक पुस्तके, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या अरबी कथा, कृष्णशास्त्र्यांनी आरंभिलेला आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरा केलेला ‘रासेलस’, आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचा ‘झुंझारराव’ (१८९०) ही सर्व एकाच व्यवहाराची अंगे आहेत. जॉन्सन किंवा शेक्सपियर यांच्या ग्रंथांवर कोणाचा हक्क उरलेला नव्हता, हे खरे. परंतु ह. ना. आपट्यांच्या ‘मधली स्थिति’स (१८८५) ज्या रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार होता, त्या रेनॉल्ड्सच्या मृत्यूस तेव्हा सात वर्षेही झालेली नव्हती. परवानगी, मोबदला, करार यांपैकी कशाचीही गरज न भासता जिवंत इंग्रजी वाङ्मयाशी मराठी लेखक झटापट करू शकला, याला भाषाभिमान किंवा अनुकरणवृत्ती इतकेच कारण नव्हते.

या भाषांतरांना ‘परोपजीवी’ ठरविणारी समीक्षा निबंधमालेपासून देशीवादापर्यंत वेगवेगळ्या स्वरांत चालत आली आहे. तिच्यातील सांस्कृतिक पराधीनतेचे निदान नाकारण्याचे कारण नाही. परंतु पराधीनता आणि उचल यांत फरक करावयास हवा. ज्याच्या राज्यात राहावयाचे त्याचा ग्रंथ त्याच्या अनुमतीवाचून आपल्या भाषेत ओढून आणणे, त्यात पात्रांची नावे, गावे, नीती बदलणे आणि त्यावर आपले नाव घालून हक्क नोंदविणे, या कृतीत आज्ञाधारकपणापेक्षा वेगळे काही आहे. ज्या विष्णुशास्त्र्यांनी मराठीच्या तत्कालीन स्थितीची कठोर चिकित्सा केली, त्यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८१ साली ते आर्यभूषण छापखान्याच्या व ‘केसरी’च्या उभारणीत सहभागी झाले. शाळा आणि छापखाना एका हाती असल्याखेरीज भाषेची स्थिती पालटत नाही, हे त्यांनी कृतीने मान्य केले होते.

४

तथापि ही मोकळीक सर्वांची होती काय? कायद्याने भाषांतर कोणालाही खुले होते. व्यवहारात ते इंग्रजी शाळेत पोहोचलेल्यांना खुले होते. या ठिकाणी जोतीराव फुले यांचा अनुभव निर्णायक ठरतो. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले आणि ते नाकारले गेले. त्याला कमिटीतील ब्राह्मण सभासदांचा आग्रह कारण झाला, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. एका सार्वजनिक निधीतून देशी भाषेतील ग्रंथरचनेला उत्तेजन देण्यासाठी ही यंत्रणा होती. तिच्या दारातून परतलेले हे नाटक छापून प्रसिद्ध झाले ते १९७९ साली. त्याच्यावरचा हक्क कोणी हिरावून घेतला नव्हता. प्रकाशात येण्याची वाट तेवढी बंद होती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी हा प्रश्न व्यापक केला. रयतेच्या करातून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे दाखवून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्याचबरोबर मोडी-बाळबोध, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्य यांचा समावेश असलेल्या अभ्यासक्रमाची रूपरेषाही मांडली. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी धुडकावले, तेही याच भूमिकेतून. वरिष्ठ वर्गांच्या ग्रंथकारांनी एकत्र येऊन ग्रंथवृद्धीचे उपाय योजावेत, या कार्यक्रमाला त्यांचा मूलगामी आक्षेप असा होता की, ज्यांचे मानवी हक्कच हे ग्रंथकार मान्य करीत नाहीत, त्यांच्याशी ग्रंथांपुरती एकी होऊ शकत नाही.

ग्रंथस्वामित्वाच्या चर्चेत या आक्षेपाला सहसा स्थान मिळत नाही. मालकीचे कडक संरक्षण मागणारे आणि ज्ञान मुक्त असावे म्हणणारे, असे दोन पक्ष कल्पिले जातात. फुल्यांची भूमिका या दोहोंत बसत नाही. मुक्त असलेले ज्ञानही शाळेच्या दाराशी अडते, आणि ते दार उघडणे हा कायद्याचा नव्हे तर सार्वजनिक धोरणाचा भाग आहे, असा तिचा निष्कर्ष निघतो. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा या दिशेने राज्यसत्ता प्रथम हलली.

५

विसाव्या शतकात चित्र पालटले. १९११ च्या साम्राज्यव्यापी कायद्याने भाषांतर हा लेखकाचा हक्क ठरविला आणि मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षांपर्यंत नेली. हिंदुस्थानासाठी १९१४ साली झालेल्या कायद्याने त्याला एक अपवाद जोडला : ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा भाषांतरहक्क प्रकाशनापासून दहा वर्षेच टिकेल, त्या मुदतीत एखाद्या भाषेत अधिकृत भाषांतर निघाले तर मात्र त्या भाषेपुरता तो पुढेही चालू राहील. अपवादाचा अर्थ उघड आहे. लंडनला छापलेल्या ग्रंथाकडे जाणारी वाट अरुंद झाली. कलकत्त्याला छापलेल्या ग्रंथाकडे जाणारी तुलनेने मोकळी राहिली. पुढील दशकांत मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांना मराठीत आणले, त्यामागे कायदा हे कारण होते असे म्हणणे अतिव्याप्त होईल. परंतु इंग्रजीवरून केलेल्या रचनांना ‘आधारित’, ‘रूपांतरित’ अशी आडवळणाची विशेषणे आणि बंगालीवरून केलेल्यांना सरळ ‘अनुवाद’ हे नाव, या भेदाचा अभ्यास करताना १९१४ ची ही तरतूद विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर गेला. १९५७ च्या भारतीय कायद्याने दहा वर्षांचा अपवाद वगळला आणि त्याऐवजी सक्तीच्या भाषांतर-परवान्याची सोय ठेवली. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत विकसनशील देशांनी, त्यांत भारताने पुढाकार घेऊन, शिक्षण व भाषांतर यांसाठी सवलती मागितल्या. प्रकाशकांच्या देशांचा विरोध झाला, आणि १९७१ साली पॅरिसला बऱ्याच अटींसह तडजोड झाली. १९८३ च्या दुरुस्तीने ती भारतीय कायद्यात आली. अध्यापन व संशोधनासाठी परदेशी ग्रंथाचे भाषांतर प्रकाशनानंतर तीन वर्षांनी, आणि विकसित देशांत सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेत असल्यास एका वर्षानेच, परवाना घेऊन करता येते. मराठी या दुसऱ्या वर्गात मोडते. पण त्यासाठी मालकाकडे मागणी, नकाराचा पुरावा, मोबदल्याची निश्चिती आणि कॉपीराइट मंडळाची सुनावणी हे टप्पे ओलांडावे लागत. २०१७ साली ते मंडळ बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झाले, २०२१ साली तेही बरखास्त होऊन काम न्यायालयांकडे गेले. १८९५ साली झकाउल्लांना ज्या गोष्टीसाठी कोणाला विचारावे लागले नव्हते, तिच्यासाठी आता न्यायालयाची पायरी चढावी लागते.

६

२०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तेथील एका छायाप्रतीच्या दुकानाविरुद्ध दावा लावला. अभ्यासक्रमातील प्रकरणांच्या एकत्रित छायाप्रती विकल्या जात होत्या. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एकसदस्य पीठाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने अध्यापनाच्या ओघातील प्रतींना कलम ५२ चे संरक्षण आहे हे तत्त्व मान्य करून, त्या प्रती अध्यापनासाठी आवश्यक होत्या की नाहीत एवढा प्रश्न पुराव्यासाठी परत पाठविला. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ज्ञानप्रसाराच्या बाजूने झालेला हा निर्णय म्हणून त्याचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते.

मराठीच्या दृष्टीने मात्र त्याची मर्यादा तपासली पाहिजे. कलम ५२ मधील त्या तरतुदीचा शब्द ‘पुनरुत्पादन’ असा आहे. भाषांतर हा त्याच कायद्यात वेगळा गणलेला हक्क आहे. तो या शब्दात सामावतो की नाही, हा प्रश्न त्या दाव्यापुढे नव्हताच. म्हणजे इंग्रजी वाचू शकणाऱ्या विद्यार्थ्याला फूकोच्या निबंधाच्या इंग्रजी पाठाची छायाप्रत मिळण्याची हमी लाभली. पण मराठी माध्यमातून पदव्युत्तर वर्गापर्यंत आलेल्या, घरातील पहिल्याच शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अध्यापकाने त्याच निबंधाचे मराठी टिपण करून वाटले, तर ते संरक्षित आहे की उल्लंघन आहे, याचे निःसंदिग्ध उत्तर कायदा देत नाही. यंत्राद्वारे क्षणार्धात होणाऱ्या भाषांतरामुळे हा प्रश्न सुटत नाही. कृती सोपी होते, तिची वैधता संदिग्धच राहते.

एकोणिसाव्या शतकात भाषांतराला मोकळीक होती आणि शाळेचे दार बहुसंख्यांना बंद होते. आज शाळेचे दार पुष्कळ अंशी उघडले आहे आणि भाषांतराची मोकळीक आखडली आहे. या दोन गोष्टी मराठीच्या इतिहासात एकाच वेळी लाभल्या, असा कालखंड अद्याप आलेला नाही. लेखकाच्या मृत्यूची चर्चा करणाऱ्या मराठी समीक्षेने या वाचकाच्या जन्माच्या अटींचा विचार करणे, हे तिच्या सैद्धांतिक कार्यक्रमाबाहेरचे मानता येणार नाही.