भांड्याच्या बुडाशी नाव

माउली, घरात मातीचा माठ असेल तर रिकामा असताना एकदा उपडा करून पाहा. बुडाशी थापटण्याचे वळ दिसतील, आव्यातल्या धुराचा एखादा काळा डाग दिसेल. घडवणाऱ्याचे नाव दिसणार नाही. त्याला ते घालावेसे वाटले नाही, आणि बाजारात घासाघीस करताना आपणही ते विचारले नाही. तेरढोकीच्या गोरोबाकाकांनी जन्मभर मडकी घडवली. त्यांतले एखादे खापर कुठे मातीखाली असलेच तर ते काकांचे म्हणून ओळखायची काही खूण नाही. त्यांचे अभंग मात्र आपल्या ओठांवर आहेत, आणि त्या अभंगांच्या शेवटी काका आपले नाव घालतात, नावाला जोडून आपला धंदाही सांगतात. मडक्यावर नाव नाही, अभंगात आहे. हे मनात ठेवून आज दूरदेशीच्या काही कुंभारांची हकीकत ऐकावी. ते जपानचे, आणि काळ आपल्या आजोबा-पणजोबांचा.

त्या काळी तिकडेही कारखाने आले होते. चाकावरचा माणूस रोजंदारीवर गेला होता. अशा वेळी काही शिकलेसवरलेले तरुण आपणहून मातीकडे वळले. माती मळणे, घडवणे, झिलई देणे, भाजणे, विकणे, सगळे एका हाताने करायचे आणि चित्रकार चित्रावर सही करतो तशी भांड्यावर आपली खूण उमटवायची, अशी त्यांची रीत. स्टुडिओ पॉटर म्हणतात ते हेच. बर्नार्ड लीच हा इंग्रज १९०९ साली जपानात गेला तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापण्याची कला शिकवायला. १९११ मध्ये मित्रांच्या एका बैठकीत त्याने गंमत म्हणून एका भांड्यावर चित्र काढले, ते तिथेच डोळ्यांदेखत भाजून निघाले, आणि त्याने उरलेले आयुष्य मातीला देऊन टाकले. त्याच्या भांड्यांवर शेवटपर्यंत त्याच्या नावाची अक्षरे उमटत राहिली.

मला सांगायचे आहे ते मुख्यतः कांजिरो कवाई यांच्याविषयी. जन्म १८९०. टोकियोच्या तंत्रशाळेत मातीकाम शिकले, मग क्योतोच्या सरकारी प्रयोगशाळेत धाकटे स्नेही शोजी हमादा यांच्यासह झिलईचे हजारो प्रयोग केले. १९२१ साली त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. जुन्या चिनी आणि कोरियन राजभांड्यांच्या तोडीची कामगिरी, असा बोलबाला झाला. वय तिशीचे, आणि सगळीकडे नाव.

त्याच सुमारास त्यांनी दुसरे एक प्रदर्शन पाहिले. सोएत्सु यानागी नावाच्या विचारवंताने कोरियातून गोळा केलेली साधी भांडी तिथे मांडली होती. कोणा खेडूत कुंभारांनी रोजच्या वापरासाठी केलेली, थोडी वाकडी, झिलई ओघळलेली, बुडाशी नाव नसलेली. कवाई ती पाहतच राहिले. आपण केले ते कौशल्य आहे, आणि यांच्यात आहे ते आपल्या कौशल्याच्या आवाक्यातले नाही, हे त्यांना कळले. शिवाय या यानागींनी त्यांच्या कामावर कडक टीकाही केली होती. दुसरा कोणी असता तर वैर धरून बसला असता. कवाईंनी पुढे त्याच माणसाशी जन्माची मैत्री केली, दहा वर्षांनी नाही, दोन-तीन वर्षांतच. मग काही काळ प्रदर्शने थांबवली. पुन्हा लोकांसमोर आले तेव्हा त्यांच्या भांड्यांवर नाव नव्हते, आणि ते पुन्हा कधी आले नाही.

माउली, इथे जरा थांबावे असे मला वाटते. नाव नसलेल्याने नाव न घालणे ही एक गोष्ट आणि नाव गाजत असताना ते पुसणे ही दुसरी. पुढे १९३७ मध्ये पॅरिसला आणि १९५७ मध्ये मिलानला त्यांच्या भांड्यांना सर्वोच्च पारितोषिके मिळाली. भांडी पाठवली होती एका मित्राने. जपान सरकार श्रेष्ठ कारागिरांना जो मोठा मान देते तोही त्यांनी नाकारला. ते क्योतोतच राहिले, घरामागच्या आठ खणांच्या उतरत्या भट्टीत भाजत राहिले. ती भट्टी त्यांच्या एकट्याची नव्हती. शेजारपाजारच्या कुंभारांचा मालही तिच्यात लागत असे.

हमादांची वाट थोडी वेगळी. ते १९२० मध्ये लीचबरोबर इंग्लंडला गेले, सेंट आइव्हज गावी भट्टी उभारायला मदत केली. तिथे त्यांच्या भांड्यांवर ठसा असे. १९२४ मध्ये परतले आणि टोकियोच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवरच्या माशिको गावात राहिले. तिथले कुंभार राजधानीच्या स्वयंपाकघरांसाठी पाण्याचे रांजण, चहाच्या किटल्या करीत. गावची माती जाडीभरडी. झिलई गावातलाच दगड कुटून केलेली, भाजल्यावर तिला काकी फळाचा तांबूस रंग येई. (हे फळ आपल्या टेंभुर्णीच्या गोतातले.) हमादांनी उंची माती मागवली नाही. पहिली काही वर्षे दुसऱ्यांची भट्टी वापरली. चाक फिरवीत ते काठीने, आपला कुंभार फिरवतो तसेच. ठसा मात्र इंग्लंडातच राहिला.

एकदा कोणी विचारले म्हणतात, पळीने झिलई ओतून नक्षी उमटवायला तुम्हाला पंधरा सेकंद लागतात, मग किंमत एवढी का? त्यावर ते हसून म्हणाले की पंधरा सेकंद आणि वर साठ वर्षे. भट्टी एवढी मोठी कशाला, यावरही त्यांचे उत्तर होते. लहान भट्टी मुठीत ठेवता येते. मोठ्या भट्टीपुढे माझे काही चालत नाही, म्हणून ती हवी.

हे ऐकून आपल्याला काही आठवले असेल. यानागींनाही आठवले होते. जपानात अमिताभ बुद्धाच्या नामाचा उच्चार हेच साधन मानणारा मोठा संप्रदाय आहे. स्वतःच्या बळावर तरून जाणे हा एक मार्ग, आणि आपले बळ खाली ठेवून त्याच्या बळावर सोपवणे हा दुसरा, असा भेद ते करतात. त्यांच्यातला इप्पेन नावाचा साधू (१२३९–१२८९) घरदार सोडून देशभर चालला, नामाच्या चिठ्ठ्या वाटीत आणि लोकांसह नाचत नाम घेत. काळ पाहा. आपल्याकडे ज्ञानोबा-नामदेवांचा जन्म झाला तेव्हा इप्पेन वाटेवर होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही, आणि दोन्ही पंथ एकच असेही मी म्हणणार नाही. यानागींनी मात्र इप्पेनला फार वर मानले. त्यांचे म्हणणे असे की खेड्यातला कुंभार तोच वाडगा हजार वेळा घडवतो तेव्हा तो हातांनी नामच घेत असतो. हजाराव्या वाडग्यापर्यंत ‘मी करतो’ हे त्याच्या ध्यानातही राहत नाही.

विचार सुंदर आहे. पण मला त्यात एक खडा लागतो. माशिकोतच मिनागावा मासू नावाची बाई होती. लहानपणापासून ती किटल्यांवर डोंगर, पाणी, झाड, घर असे एकच चित्र काढीत आली होती. दिवसाला शेकड्यांनी किटल्या, मजुरी अगदी थोडी. म्हातारपणी तिचे कौतुक झाले, यानागींनी तिच्यावर लिहिले. तिच्या चित्रातला सहजपणा खराच, पण तो तिने निवडला नव्हता. पोटाने निवडला होता. तिच्याकडे टाकायला नावच नव्हते. कवाईंना नाव टाकण्याचा आनंद मिळाला, मासूआजींना तो प्रश्नच कोणी विचारला नाही. अनामिकतेचे गुणगान करताना ती कोणाच्या वाट्याला आपसूक येते हेही बघावे. गोरोबाकाकांनी अभंगात ‘कुंभार’ हा शब्द ठेवला, त्यात मला हीच जाण दिसते.

आणि बाजार कोणाला सुटला आहे? हमादांच्या भांड्यावर नाव नसे, पण जपानी रिवाजाप्रमाणे भांडे लाकडी पेटीतून जाई आणि पेटीवर ते स्वतःच्या हाताने लिहून देत. मग पेटीवाले भांडे महाग झाले, पेटी हरवलेले स्वस्त. भांडे तेच. ते स्वतः यावर विनोद करीत की नाव नसल्यामुळे माझी वाईट भांडी लोक माझ्या नकलाकारांची म्हणतील आणि त्यांची चांगली माझ्या खात्यावर जमा होतील. १९५५ मध्ये सरकारने देऊ केलेला तो मोठा मान त्यांनी घेतला. कवाईंनी तोच नाकारला. मैत्रीत यामुळे कधी अंतर पडले नाही.

कवाई १९६६ मध्ये गेले, हमादा १९७८ मध्ये. क्योतोचे घर आजही लोकांना पाहायला खुले आहे, मागे ती आठ खणांची भट्टी थंड उभी आहे. माशिकोची भट्टी २०११ च्या मोठ्या भूकंपात ढासळली. काही वर्षांनी गावकऱ्यांनी ती पुन्हा बांधली, अनेक कुंभारांनी आपापला कच्चा माल आणून तिचे खण भरले, आणि पाळीपाळीने लाकडे घालीत ती पेटती ठेवली.