पद्मिनी आणि इंडिका

मोटारीचा इतिहास आपण बहुधा तिच्या मालकाच्या तोंडून ऐकतो. तो कामगाराच्या बाजूनेही सांगता येतो, आणि त्यासाठी महाराष्ट्रातच घडलेल्या दोन मोटारींची तुलना पुरेशी आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने बनणारी गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन पुढे असे, पण त्याचा जोर लांब दांड्यावाटे मागच्या चाकांना जाई. यंत्र साधे, गल्लीतला मिस्त्री ते खोलून पुन्हा जोडी.

टाटांची 'इंडिका' १९९८ च्या अखेरीस पुण्याकडून आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले आणि पुढचीच चाके गाडी ओढीत. मागे जाणारा दांडा गेला, जागा मोकळी झाली. म्हणून पद्मिनीहून आखूड असूनही ती आतून ऐसपैस होती.

परंतु फरक केवळ यंत्राचा नव्हे. पद्मिनीच्या काळात उत्पादन सरकारी परवान्याने बांधलेले होते. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे आणि कारखानदाराला सुधारणेची निकड नसे. या संरक्षणाची सावली कामगारावरही होती, हे आम्हा संघटनेच्या माणसांनी नाकारू नये. १९८३ मध्ये मारुती आली, १९९१ नंतर दारे उघडली आणि २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील तिची शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली.

इंडिकासाठी टाटांनी ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, पुण्यास आणला. यंत्रे समुद्र ओलांडून आली. त्यांवर राबलेले हात तिकडेच राहिले. पुढे २०१८ मध्ये इंडिकाही बंद झाली.

यंत्र जुने झाले तर विकता येते. माणसाचे कौशल्य जुने झाले तर त्याला गिऱ्हाईक नसते. आपल्या केज तालुक्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांपुढे आज ऊसतोडणी यंत्र उभे आहे. ते अडवा, असे मी म्हणणार नाही. पण ते फडात उतरण्यापूर्वी त्या जोडप्याच्या हाताला दुसरे कोणते काम शिकवले, हा प्रश्न कारखान्याला आणि सरकारला आजच विचारला पाहिजे.