आमची चेतक आणि 'हमारा' नावाचा शब्द

गेल्या शनिवारी पार्किंगमधली चेतक भंगारात द्यायचा विषय काढला आणि घरात एकदम शांतता! बाबा एवढंच म्हणाले, "त्यापेक्षा मलाच दे." मी हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग बसलो वाचत.

बजाजचा पियाजिओशी असलेला व्हेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. जमाना परवान्यांचा. किती स्कूटरी बनवायच्या ते सरकार ठरवणार, लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग जायची! आमच्या आजोबांनी १९७८ ला नंबर लावला, गाडी आली १९८६ ला. तोवर ते रिटायर झाले होते, म्हणून चालवली बाबांनी.

१९८८ मध्ये रसेल बेल्क या अमेरिकन संशोधकाने एक निबंध लिहिला. आपल्या वस्तू म्हणजे आपल्या 'मी'चाच वाढीव भाग, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी टीव्हीवर 'हमारा बजाज' आलं. तोवर बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा बाजारात होती. बजाजने गाडीचे गुण सांगत न बसता 'हमारा' म्हटलं. आठ-आठ वर्षं थांबलेल्यांना ते वेगळं पटवून द्यायची गरजच नव्हती.

पण नुसत्या नात्यावर स्कूटर खपत नाही. नव्वदचं दशक संपेपर्यंत मोटरसायकली पुढे गेल्या. आमच्याकडेही २००३ मध्ये मोटरसायकल आली, आणली बाबांनीच! २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटरचा धंदा सोडायचं जाहीर केलं, तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं चारचौघांत बोलून दाखवलं. मालकाची ही गत, तर बाबांचं काय! २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं, इलेक्ट्रिक स्कूटरवर. बाबा शोरूममध्ये जाऊन बघून आले. "नाव तेच आहे," एवढाच शेरा.

आता माझं सांगतो. माझा फोन ऑर्डर केल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आला. तरी ऑफिसात कोणी त्याला नावं ठेवली की मला राग येतो. बाबांच्या रागामागे आजोबांची आठ वर्षं आहेत. माझ्या रागामागे काय आहे? बहुतेक नुसती जाहिरात.

असो. रविवारी बाबांनी चेतक तिरकी केली, सरळ केली, किक मारली. तिसऱ्या किकला सुरू झाली. भंगारवाल्याला मी फोन केलेला नाही.