कावसजीचं नाक आणि हाताच्या दोन धमन्या

पुण्याजवळ एका कारागिराने नवं नाक बसवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कावसजी हा मराठा गडी १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एकाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक दिलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत छापून आली.

त्याच हकिकतीतली एक गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. कावसजीचा एक हातही तोडला होता, आणि त्याला इलाज नव्हता.

कपाळाची कातडी जगली, कारण ती देठाने शरीराला जोडलेली राहिली आणि त्या देठातून रक्त येत राहिलं. हाताच्या जखमांसाठी असा सोयीचा देठ सापडायला पुढे जवळजवळ दोन शतकं लागली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन स्टर्लिंग बनेल यांना सल्लागार नेमलं आणि हातांच्या उपचारांसाठी खास केंद्रं उघडली. उघडं पडलेलं हाड झाकायला तेव्हा हात पोटाच्या कातडीला शिवून ठेवत, तोही काही आठवडे. तोवर बोटं आखडून जात.

१९८१ मध्ये चीनच्या यांग गुओफान यांनी पुढच्या हाताच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागाच्या, कातडीचा फ्लॅप जगापुढे मांडला. मनगटाशी देठ ठेवून तो उलटा फिरवला की पंजावरची जखम झाकता येते. अंगठ्याकडची धमनी वर कापलेली असते, पण करंगळीकडच्या धमनीतलं रक्त तळहातातल्या कमानीतून उलटं येऊन त्याला पोसतं. आयटीवाल्यांच्या भाषेत, हा शरीराचा बॅकअप!

पण तो बॅकअप प्रत्येकात पुरेसा असेलच असं नाही. म्हणून आधी अ‍ॅलन चाचणी करतात. मेयो क्लिनिकच्या एडगर अ‍ॅलन यांनी १९२९ मध्ये ती मांडली. मूठ वळून दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायची, मग फक्त करंगळीकडची सोडायची. पांढरा पडलेला तळवा झटकन लाल झाला पाहिजे.

या फ्लॅपची किंमतही आहे: एक मोठी धमनी जाते आणि हातावर कायमचा व्रण राहतो. आणि तुटून गेलेला पंजा त्याने परत येत नाही. तेव्हा स्नो-ब्लोअरने घरात कुणाचा हात जखमी झाला आणि सर्जननी हा फ्लॅप सुचवला, तर नि:संकोच विचारा: "दुसरी धमनी तपासली का? आणखी कोणता पर्याय आहे?"