तातडीचा मेंदूविकार सल्ला (आंतररुग्णांसाठी)

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णात मेंदू, मेरुरज्जू किंवा तंत्रिकांच्या बिघाडाची लक्षणे अचानक दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडून तत्काळ घेतला जाणारा सल्ला.

उगम : बेशुद्धीची तीव्रता ३ ते १५ गुणांत मोजणारी ग्लासगो कोमा मोजपट्टी टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली. रक्ताची गुठळी विरघळवणारे आल्टेप्लेज हे औषध १९९६ मध्ये अमेरिकेत पक्षाघातासाठी मान्य झाले. रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी काढण्याची उपयुक्तता २०१५ मधील चाचण्यांनी प्रस्थापित केली. उपचार वेळेशी बांधले गेल्याने सल्ल्याची निकड वाढली.

स्वरूप : एका बाजूची दुर्बलता, वाचा जाणे, भ्रम (→ प्रलाप), बेशुद्धी, पाच मिनिटांहून अधिक टिकणारा झटका (→ अपस्मार) व वेगाने वाढणारी पायांची शक्तिहीनता ही सल्ल्याची प्रमुख कारणे. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ही वेळ वॉर्डातील परिचारिकेकडून प्रथम नोंदवतात. रक्तशर्करा लगेच तपासतात, कारण ती घटल्यास पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. चालू औषधे, विशेषतः रक्त गोठू न देणारे हेपारिन व गुंगीची औषधे, पडताळतात. त्यानंतर सीटी स्कॅन आणि गरजेनुसार एमआरआय, मेंदूचा विद्युत् आलेख किंवा कटिवेध करतात.

महत्त्व : आल्टेप्लेज सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात ते बहुधा वर्ज्य असते. अशा वेळी नळीद्वारे गुठळी काढण्याचा विचार होतो. झोपेत किंवा भुलीखाली असलेल्या रुग्णाची लक्षणे उशिरा ध्यानात येतात. म्हणून परिचारिकांची नियमित तपासणी या व्यवस्थेचा आधार ठरते.

(पहा : अतिदक्षता विभाग, पक्षाघात, मस्तिष्कावरणशोथ).