लिब्रियम : आधी औषध, मग उलगडा

१९५७ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतील नटली येथे हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत साफसफाई चालू होती. रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी पूर्वी बाजूला ठेवलेले काही स्फटिक तेव्हा सहकाऱ्याच्या नजरेस पडले. त्या कुळातील आधीची चाळीसेक संयुगे निष्प्रभ ठरल्याने याची चाचणी झालीच नव्हती. ती आता झाली. प्राणी शांत व शिथिल झाले, तरी सावध राहिले.

हेच १९६० चे ‘लिब्रियम’. १९६३ मध्ये त्याचे धाकटे भावंड ‘व्हॅलियम’ आले.

तोवर चिंता आणि निद्रानाश यांवर बार्बिट्युरेट औषधे दिली जात. मात्रा वाढली की श्वास थांबे. नवे औषध एकटेच घेतले, तर अतिमात्रेनेही सहसा जीव जात नसे. असे का, हे सांगणे मात्र त्या काळी कोणालाच शक्य नव्हते.

उत्तराची भाषा आली दुसरीकडून. १९६५ साली मोनो, वायमन आणि शाँज्यू यांनी प्रथिनांविषयी एक सिद्धान्त मांडला: मुख्य जागेपासून दूर, दुसऱ्याच जागी एखादा रेणू बसला, तरी प्रथिनाचा आकार व वर्तन पालटते. याला ‘ॲलोस्टेरिक’ परिणाम म्हणतात. १९७७ मध्ये बाझेल येथे आणि डेन्मार्कमध्ये स्वतंत्रपणे मेंदूतील व्हॅलियमची जागा सापडली. ती ‘गाबा’ या शामक संदेशवाहकाच्या रिसेप्टरवरच होती, पण गाबाच्या जागेच्या बाजूला.

गाबा येऊन बसला की रिसेप्टरमधील क्लोराइडचे दार उघडते. व्हॅलियम ते दार स्वतः उघडत नाही. गाबा असेल, तर ते अधिक वेळा उघडू देते. बार्बिट्युरेट मोठ्या मात्रेत गाबावाचूनही दार उघडते. जीव वाचण्या-जाण्यातला फरक मुख्यतः एवढाच!

याला ‘औषधाची रचना’ म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. शिवाय मृत्यूपासूनच्या या सुरक्षिततेला लोक निरुपद्रवीपणा समजले, ही त्या काळाची खरी चूक. दीर्घकाळ गोळ्या घेतल्यावर मेंदू त्यांच्याशी जुळवून घेतो. त्या एकाएकी थांबवल्या, तर झटकेही येऊ शकतात. पण १९७० च्या दशकात अमेरिकेत व्हॅलियम हे सर्वाधिक खपणाऱ्या औषधांपैकी होते.

हेतुपुरस्सर रचनेला आधार मिळाला तो पुढे. या रिसेप्टरचे अनेक उपप्रकार निघाले. १९९९ साली उंदरांमध्ये दिसले, की व्हॅलियमची गुंगी मुख्यतः ‘अल्फा-१’ घटक असलेल्या उपप्रकारातून येते. मग तो घटक वगळून केवळ चिंता शमवणारे रेणू घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. काही मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र अजून स्टर्नबाख यांच्याच कुळातील नावे दिसतात.