रस्ता कोणाचा?

कोकमठाणजवळ समृद्धी महामार्ग आहे, पण माझ्या फटफटीला त्यावर मनाई. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, तेव्हा नववीतल्या एका पोराने विचारलं, "सर, मग हा रस्ता कोणाचा?" प्रश्न जुनाच आहे.

इ.स.पू. 312 मध्ये रोमने कापुआपर्यंत आपियन रस्ता बांधायला घेतला, तो मुख्यतः फौजेसाठी. व्यापारी मागून आले. चीनमध्ये छिन शी हुआंगने इ.स.पू. 221 नंतर गाड्यांच्या चाकांमधलं अंतर सगळीकडे सारखं केलं आणि राजधानीपासून रुंद राजरस्ते काढले. त्यांचा मधला पट्टा बादशहासाठी राखीव! उत्तरेच्या सरहद्दीकडे त्याने सुमारे सातशे किलोमीटरचा सरळ मार्गही काढला. त्यात वेठबिगारांचा घाम किती गेला असेल, याचा विचार करावा.

आपल्याकडे त्याच काळाच्या थोडं पुढे सातवाहन होते. त्यांचं वेगळेपण मला फार आवडतं. पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी आपल्या 'पेरिप्लस'मध्ये लिहितो की पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, तिथून तेर पूर्वेला दहा दिवसांवर, आणि माल बैलगाड्यांतून, बऱ्याच ठिकाणी धड रस्ता नसलेल्या मुलखातून येतो. म्हणजे सत्ता फरसबंदीवर नव्हती, नाक्यावर होती. जुन्नरच्या पलीकडे नाणेघाटात खडकात पायऱ्या खोदल्या, लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख कोरला. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. घाट हातात असला की कोकण आणि देश दोन्हींवर वचक. पुढे कल्याण बंदरावर निर्बंध आले, तर तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. वाट अडवणं हीसुद्धा सत्ताच की!

आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले. ते कोणत्या बैलाने ओढून आणले, कोण सांगणार?

जाता जाता एक गंमत. रोज नमाजमध्ये आपण 'सिरात' म्हणतो. भाषातज्ज्ञांच्या मते हा शब्द लॅटिन 'स्ट्राटा'वरून, म्हणजे फरसबंद रस्त्यावरून, अरबीत आला. इंग्रजी 'स्ट्रीट'ही त्याचाच भाऊ. रोमची फौज गेली, शब्द राहिला.

नाणेघाटातल्या लेण्यात राजघराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पायांच्या खुणा, एवढंच दिसतं. यंदाची सहल तिकडेच काढायची आहे. पोरगा पुन्हा विचारणार, हे नक्की.